जुन्या डिस्कचे तेरा दिवस

प्रल्हादभाऊंनी सीपीयू काउंटरवर ठेवला, तेव्हा त्याचा पत्रा हाताला चटका देत होता. एप्रिलच्या उन्हात मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून आणला होता.

"सर, एक फोल्डर उडालं. काढून द्या. नेहमीसारखं."

प्रल्हादभाऊंचा मानोऱ्यात फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे अल्बम आणि व्हिडिओ करतात. माझं त्याच रस्त्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी क्लास घ्यायचो, म्हणून लोक अजून सर म्हणतात. प्रल्हादभाऊंनी चुकून उडवलेली कितीतरी लग्नं मी आजवर परत काढून दिली आहेत. त्यामुळे डिलीटचं बटण दाबताना त्यांचा हात कधी थबकत नाही.

"कोणाचं लग्न?"

त्यांनी दाराकडे मान वळवली. तिथे एक तरुण बाई उभी होती. "हिचं. सुमन. तांड्यावरची हाय. गेल्या साली लग्न झालं अन् ऊसतोडीले निघून गेली. काल वापस आली अन् आता व्हिडिओ पाह्यजे म्हनते. मी पेन ड्राइव्हमंदी देल्ला होता, सर. तो हिनं हरवला."

"कोपी हलवताना हरवला," सुमन म्हणाली. कोपी म्हणजे ऊसतोड कामगारांची कारखान्यावरची झोपडी. "सगळा व्हिडिओ नाई पाह्यजे. विदाई तेवढी द्या."

"तेवढीच काहून?" प्रल्हादभाऊंनी विचारलं.

ती म्हणाली, "याडी गेली माही. मी कारखान्यावर होतो, आलो तवा सगळं होऊन गेलतं. फोटो हाय तिचा. आवाज कुठीच नाई. विदाईले ती ढावलो म्हनली होती माह्या गळ्यात पडून, तेवढाच हाय."

याडी म्हणजे आई. लेक सासरी निघताना बंजारा तांड्यावर एकमेकींच्या गळ्यात पडून जे रडत गातात, तो ढावलो.

"हे तू मले आधी कायले नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं कुठी?"

मी सीपीयूचे स्क्रू काढायला लागलो.

आत नवी SSD होती. मीच बसवलेली, आठवडा-दहा दिवसांपूर्वी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात आणि एक सुई त्यांच्यावरून माहिती वाचते. SSD मध्ये फिरणारं काही नसतं, फक्त चिप असतात. म्हणून ती जलद असते आणि धक्क्याला घाबरत नाही. प्रल्हादभाऊंच्या जुन्या डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला होता, म्हणजे तिचे दिवस भरत आले होते. मी सगळी माहिती जशीच्या तशी नव्या SSD वर उतरवली. याला क्लोनिंग म्हणतात. मशीन सुरू करून दाखवलं. चहा सांगितला तर तो यायच्या आत सुरू झालं, यावर ते फार खूश झाले.

मग मी नेहमीच्या सूचना दिल्या. SSD गळ्यापर्यंत भरू नका, पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा, नाहीतर ती मंदावते आणि लवकर झिजते. डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणं, चालवायचं नाही, त्याची हिला गरज नसते. यूपीएसची बॅटरी बदला, लाइट जाऊन मशीन धाडकन बंद पडणं हिला सोसत नाही. आणि महत्त्वाचं, लग्नांची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

"हो सर, हो सर," म्हणत त्यांनी मोबाइल पाहिला. "अन् ती जुनी डिस्क द्या. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरले लावतो."

डीव्हीआर म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा. त्याला डिस्क लावली की तो आधी तिच्यावरचं सगळं पुसतो. मी म्हणालो, "तेरा दिवस मिळणार नाही."

"डिस्कची तेरवी करता का आता?"

"हो."

हा नियम माझा नाही. माझी पत्नी वंदना काउंटर सांभाळायची, तिचा आहे. ती म्हणायची, घरातलं माणूस गेल्यावर कुठली किल्ली कुठे आहे, कोणाला काय द्यायचं राहिलं, हे तेरवीपर्यंत एकेक करून आठवत जातं. डिस्कचंही तसंच. काय राहिलं ते बदलल्याबरोबर कळत नाही. म्हणून काढलेली डिस्क तेरा दिवस खालच्या ड्रॉवरमध्ये, नावाची चिठ्ठी लावून. गिऱ्हाइकं हसायची. वंदना गेली त्याला आता वर्ष होत आलं. चिठ्ठ्या मी लिहितो.

फोल्डर कसं उडालं ते आज विचारलं, तर प्रल्हादभाऊ म्हणाले, नवीन लग्नांचं शूटिंग टाकता टाकता SSD वर लाल पट्टी आली. जागा करायला त्यांनी जुनी लग्नं शिफ्ट दाबून डिलीट केली. शिफ्ट दाबलं की फाइल कचरापेटीतही थांबत नाही.

"तुमीच म्हनलं होतं ना, पाचवा हिस्सा मोकळा ठेवा म्हनून."

एक सूचना त्यांनी ऐकली होती.

मी SSD माझ्या मशीनला जोडली आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं. थोड्या वेळात यादी दिसू लागली. तिच्यात 'सुमन विदाई' होतं. साइझही पूर्ण दिसत होती.

"हे काय, सापडलं," प्रल्हादभाऊ म्हणाले. सुमन बाकावरून उठून काउंटरपाशी आली. तिला वाचता येत होतं. तिनं ते नाव बोटानं दाखवलं.

मी फाइल उघडली. चालली नाही. दुसऱ्या प्लेयरमध्ये उघडली, तरी नाही. मग ती आतून पाहिली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती शून्यं होती.

"काहून चालू नाई होऊन राह्यलं?" सुमननं विचारलं.

तिला समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली की फक्त दारावरची पाटी निघते. माणसं घरातच असतात. नवीन भाडेकरू येईपर्यंत त्यांना हाक मारून बाहेर बोलावता येतं, आणि मी इतकी वर्षं तेच करत होतो. SSD ला भरलेल्या घरात दुसरं माणूस ठेवता येत नाही. म्हणून पाटी निघाली की ती घर लगेच झाडून-पुसून रिकामं करते. याला ट्रिम म्हणतात. ते चालू नसेल तर SSD पुढे रखडते. बसवताना ते चालू आहे ना, हे मी स्वतः तपासलं होतं.

"मंग हे नाव कायचं दिसते?"

"पाटी राहिली आहे. आत कोणी नाही."

ती परत बाकावर जाऊन बसली. प्रल्हादभाऊंनी हळूच विचारलं, "सर, ती तेरवीवाली?"

मी ड्रॉवर उघडला. त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेली डिस्क तिथे होती.

पण ती मरायला टेकलेली डिस्क होती. क्लोनिंगच्या वेळीच तिनं दोनदा दम खाल्ला होता. अशी डिस्क जोडून फोल्डर उघडून बघत बसलं, तर तेवढ्यातही जाते. तिच्यावरून एकदाच, हलक्या हातानं, जेवढं निघेल तेवढं उतरवून घ्यायचं असतं. जिथे अडेल तो भाग सोडून पुढे जायचं आणि मागाहून परत तिथे यायचं. मी सॉफ्टवेअर तसं लावलं, टेबलफॅन डिस्ककडे फिरवला आणि मशीन इन्व्हर्टरवर घेतलं.

"किती टाइम लागन?"

"ती ठरवेल."

प्रल्हादभाऊ स्टुडिओत गेले, परत आले, पुन्हा गेले. सुमन उठली नाही. मी डब्यातली पोळी-भाजी पुढे केली तर नको म्हणाली, मग अर्धी घेतली. टकटक सुरू झाली की दोघंही डिस्ककडे बघायचो. मधे एकदा आवाज वाढला आणि किती काम झालं ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी बराच वेळ हललीच नाही. बंद करावं असं मला वाटलं. तेवढ्यात ती पुढे सरकली.

उन्हं कलल्यावर फाइल हाताशी आली. पूर्ण नव्हती, मधला एक तुकडा वाचलाच गेला नव्हता. मी चालू केली.

मांडव, बायकांची गर्दी, नव्या साडीतली सुमन. एका उंच बाईनं तिला कवटाळलं आणि गायला सुरुवात केली. दोन ओळींनंतर चित्र फुटलं. चेहऱ्याच्या जागी हिरवे-जांभळे चौकोन आले आणि तसेच गोठून राहिले. आवाज मात्र चालू होता. एका जागी तुटला, पुन्हा लागला आणि शेवटपर्यंत गेला.

"चित्र याहून नीट होणार नाही," मी म्हणालो.

"तोंड फोटोत हाय," सुमन म्हणाली. "पुन्हा लावा."

मी पुन्हा लावलं. नंतर तिच्या मोबाइलमध्ये एक कॉपी, नव्या पेन ड्राइव्हमध्ये दुसरी आणि माझ्याकडे तिसरी ठेवली. बाकीची लग्नंही बऱ्यापैकी निघाली. प्रल्हादभाऊंनी त्याच दिवशी बाहेरची डिस्क घेतली.

तांड्याची शेवटची गाडी निघायची होती, म्हणून प्रल्हादभाऊच सुमनला मोटारसायकलवर स्टँडपर्यंत सोडायला निघाले. जाताना विचारलं, "आता लावू ना ती जुनी डीव्हीआरले?"

"तेरवी होऊ द्या."

"तुमी काही आयकत नाई," म्हणत त्यांनी किक मारली.

SSD घ्यायला येणारा प्रत्येक जण ती किती फास्ट आहे, हे विचारतो. जुनी डिस्क किती दिवस ठेवायची, हे अजून कोणी विचारलेलं नाही. नवी SSD घ्यावी, जरूर घ्यावी. फक्त डिलीट करण्याआधी त्या फाइलची दुसरी कॉपी कुठे आहे, हे आठवून पाहावं. आठवलं नाही, तर नाही असं समजावं.

माझ्या काउंटरवरचं मशीन अजून हार्ड डिस्कवर चालतं. सकाळी सुरू केलं की वंदनाच्या नावाचं लॉगिन यायला बराच वेळ लागतो. वाशीमहून SSD आणून ठेवली आहे. बॅकअपही दोन ठिकाणी झाला आहे. पण ती बसवली की जुनीचे तेरा दिवस सुरू होतात, म्हणून जरा थांबलो आहे.