एका ताटातलं घट्ट वरण

मोठ्या आईच्या नडगीवरची जखम भरत नव्हती, म्हणून मी वालूरला गेले. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. बाजार करून येताना मोटारसायकल चिखलात घसरली, गाडी तिच्या उजव्या पायावर आडवी झाली आणि तापलेला सायलेन्सर नडगीला चिकटला. महिना उलटला तरी जखम ओलीच होती. माझी परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता. वडील म्हणाले, "तू आहारशास्त्रच शिकलीस ना? मग जाऊन बघ."

मला जायचं नव्हतं. मी फार बोलत नाही आणि गावाकडे गेलं की आणखी कमी बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची होती. अजूनही मनातल्या मनात आकडे इंग्रजीत मोजते आणि मोठ्यानं बोलताना अडखळते. कुणी हसत नाही, पण हसतील असं वाटत राहतं.

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन सेलूला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासून घेतली होती, ती ठीक होती. त्यांनी तिच्या पावलावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि हळूहळू भरून आला.

"जेवता काय तुम्ही?"

"समदं जेवते की," मोठी आई म्हणाली.

"प्रथिनं कमी पडतायत. अंडी खा रोज."

मोठ्या आईनं पदराखाली गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. "आमच्यात चालत न्हाई."

"मग डाळी, दूध, दही, शेंगदाणे. आणि हा पावडरचा डबा. तीन आठवड्यांनी बघू. कडा आत सरकल्या नाहीत तर मांडीची कातडी काढून इथं लावावी लागेल."

ती घाबरेल असं मला वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "तवा पाय किती दिवस झाकून ठिवाचा? लेक बाळंतपणाला यायलीय. लेकराला न्हाऊ घालायचं हाय मला."

आमच्याकडे तान्ह्या बाळाला पायांवर न्हाऊ घालतात. पाटावर बसून दोन्ही पाय पुढे पसरायचे, साडी गुडघ्यापर्यंत घ्यायची आणि दोन नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळाला निजवायचं. मलाही मोठ्या आईनंच असं न्हाऊ घातलं होतं म्हणे. डॉक्टरांना हे कळलं असावं. ते म्हणाले, "पाय बरा झाला तर घालाल." घरी येईपर्यंत तिचा हात गुडघ्यावरच होता.

मी पहिले काही दिवस नुसतं बघितलं. बघणं मला जमतं. रोज तूरडाळीचं वरण शिजायचं. आधी मोठे बाबा, म्हणजे थोरले काका, शेतावरचा गडी आणि पाहुणी म्हणून मी, असे आम्ही जेवायला बसायचो. मोठी आई लंगडत वाढायची. पळी तळापर्यंत घालून घट्ट वरण आमच्या वाट्यांत यायचं. सगळ्यांचं झाल्यावर ती पातेल्यात पाणी ओतायची, कडेला चिकटलेलं हातानं सोडवायची, तिखटमीठ घालायची आणि ते पिवळं पाणी भाकरीवर घेऊन जेवायची. "समदं जेवते की" ते हेच.

पावडरचं विचारलं की म्हणायची, "घेतली, घेतली." एकदा कपाटात टॉवेल शोधताना डबा दिसला. ताईच्या बाळंतपणासाठी जमवलेल्या खारका, डिंक आणि अळीव यांच्यामागे तो नीट कापडात बांधून ठेवलेला होता. सील तसंच.

"मोठी आई, हा डबा?"

"असू दे तिथंच. बाळंतिणीला लागंल."

"पण तो तुमच्या पायासाठी आहे."

"पायाला काय, भरंल की. तिला दूध आलं पायजे."

ओसरीवरून मोठे बाबा म्हणाले, "हिला अमृत आणून दिलं तरी डब्यात घालून ठिवंल. लेक आली की देईल."

"अवं, तुमी गप बसा."

मला तिच्यावर रागावता येईना. धीर करून एका दुपारी, ती भाकरी थापत असताना, मी शिकलेलं सांगायला बसले. शरीर प्रथिनं बांधतं ते अमायनो आम्लांपासून. त्यातली नऊ शरीराला स्वतः करता येत नाहीत, खाण्यातूनच यावी लागतात. नऊ रंगांच्या मण्यांची माळ ओवायची आणि एकच रंग कमी पडला, तर माळ तिथंच थांबते; बाकीचे मणी असून उपयोग नाही. ज्वारीत लायसिन नावाचा मणी कमी. डाळीत तो भरपूर, पण डाळीत दुसरा एक कमी, तो ज्वारीत असतो. दोन्ही मिळून माळ पुरी होते. आणि अंगावर जखम असली की माळा नेहमीपेक्षा जास्त लागतात.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "म्हंजी भाकरीसंगं वरण खावं."

"हो."

"आन् हे शिकायला एवढी सालं कालेजात गेलीस?"

ती हसली, मीही हसले. मग ती म्हणाली, "मला कळतंय गं माय. पर वरण समद्यांना पुरलं पायजे ना."

"मग जास्त शिजवा."

"जास्त शिजवलं की समदे जास्त खातेत."

मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच दुप्पट डाळ लावली. मोठे बाबा म्हणाले, "आज वरण लय झ्याक झालंय," आणि तीनदा घेतलं. गड्यानं त्यांच्याहून जास्त घेतलं. मोठ्या आईनं पातेलं तिरपं करून मला तळ दाखवला आणि पाणी ओतलं.

पुढच्या खोलीत सोयाबीनची पोती छतापर्यंत लागलेली होती. एवढी प्रथिनं एका खोलीत मी कधी पाहिली नव्हती. त्यांच्यावर पाठ टेकून मोठे बाबा पेपर वाचायचे. मी म्हणाले, थोडं भाजून ज्वारीत दळलं तर? ते पेपरामागून म्हणाले, "ते मोंढ्यावर इकायला जायाचं. माणसाचं खाणं हाय व्हय ते?" तरी मी मूठभर भाजून दळून आणलं. घाईत कच्चं राहिलं असणार. पहिल्या घासालाच मोठ्या बाबांनी भाकरी ताटाच्या कडेला सारली. माझा मान राखून गड्यानं अर्धी भाकरी संपवली आणि विचारलं, "आज भाकरीला कसला वास यायलाय?" उरलेल्या भाकरी म्हशीनं खाल्ल्या. तिला आवडल्या.

मग मी जेवणच लांबवलं. पानं वाढल्यावर म्हणाले, "मला आत्ता भूक नाही. मी तुमच्याबरोबर बसेन."

"पाहुण्यानं मागं ऱ्हाऊ न्हाई."

"मी पाहुणी नाही."

तिला ते ऐकायला आवडलं, पण तिनं ते मानलं नाही. मानलं असतं तर मला विसळलेलं पाणी वाढावं लागलं असतं, आणि जावेच्या लेकीला ती ते कधीच वाढणार नव्हती. मी बघत होते. वाढताना पळी या वेळी तळापर्यंत गेली नाही. वरचंवरचं वरण मोठ्या बाबांच्या वाटीत पडलं. त्यांनी वाटीत बोट फिरवून बघितलं आणि ते निमूट जेवले.

दोघीच राहिलो. तिनं घट्ट वरण एका वाटीत काढून माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतःसाठी पाण्याचा तांब्या पातेल्याकडे नेला. तेव्हा मी म्हणाले, "एकाच ताटात घेऊ या."

ती थांबली. शाळेत आम्हा मैत्रिणींचे डबे वेगळे, चमचे वेगळे असायचे. मी कुणाच्या बाटलीला तोंड लावत नाही. हे तिला माहीत होतं, कारण आल्या दिवसापासून माझा पेला मी खिडकीत वेगळा ठेवत होते.

"तुला चालंल?"

"चालेल."

तिनं मोठं ताट घेतलं. भाकरी कुस्करली, वरून सगळं वरण ओतलं, एका कडेला शेंगदाण्याची चटणी, दुसऱ्या कडेला दही. पहिला घास घेताना माझा हात अवघडला. तिची बोटं ज्या वरणात होती त्यातच माझी होती. दुसऱ्या घासाला एवढं वाटलं नाही. वरणात लसूण जरा जास्त होता, आणि ती सांगत होती की माझी आई लग्न होऊन आली तेव्हा तिलाही एकटीनं जेवायला लाज वाटायची, म्हणून दोघी जावा अशाच बसायच्या. आईनं मला हे कधी सांगितलं नव्हतं.

बोलता बोलता ती घट्ट भाग बोटांनी माझ्याकडे सारत होती. ती मीठ आणायला उठली तशी मी ताट अर्धं फिरवलं. ती बसली, पुन्हा सारू लागली. मी पाणी मागितलं. ती उठली, मी ताट फिरवलं.

"ताट फिरायलंय का माझे डोळे?" ती म्हणाली.

मी खाली बघून जेवत राहिले. तीही जेवली. सगळं जेवली.

त्यानंतर आम्ही रोज तशाच बसलो. सोमवारी तिचा उपास असायचा, आणि तो पायासाठी सोडणार नाही हे तिनं आधीच सांगून टाकलं. उपासाला ती साबुदाणा खायची, म्हणजे नुसता स्टार्च. मी म्हणाले, राजगिरा चालतो ना? राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, वाटीभर दही. ज्वारीत कमी पडतो तो मणी राजगिऱ्यात चांगला असतो. "महादेवाला सांगून येते," असं म्हणून ती पूजेला बसली, तळहातावर लिंग घेऊन बराच वेळ डोळे मिटले आणि उठल्यावर म्हणाली, "चालतंय म्हनला." मीही तिच्याबरोबर सोमवार केले. उपासाचं ताटही एकच.

ड्रेसिंग चालू होतं, गोळ्या चालू होत्या. वरणानंच जखम भरली असं मी म्हणणार नाही. पण पावलावरची सूज उतरली, आणि तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा कडांना गुलाबी रेघ आली होती. ते म्हणाले, "कातडी लावायची गरज नाही. आता काय खाताय?"

"ही ताट फिरवती, मी खाते," मोठी आई म्हणाली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

ताई आली, बाळंत झाली, बाळाला घेऊन घरी आली. निकाल लागून गेला होता, तरी मी पुन्हा वालूरला गेले. सकाळी न्हाणीत चुलवणावर पाणी तापलं होतं. मोठी आई पाटावर बसली, साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि आधी डावा पाय पसरला. मग हातानं धरून उजवा. जखमेच्या जागी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी चकचकीत, पातळ कातडी आली होती. तिनं तिथं तेलाचं बोट फिरवलं आणि हात पुढे केले. ताईनं बाळ तिच्या पायांवर ठेवलं.

बाळ आधी आक्रसलं, मग रडायला लागलं आणि पाय झाडायला लागलं. टाच नेमकी त्या नव्या कातडीवर बसली. मोठ्या आईचं तोंड क्षणभर आवळलं.

"दुखलं का?" मी विचारलं.

"लाता मारायलंय. मारू दे." तिनं बाळाच्या छातीवर हात ठेवला. "बघत काय बसलीस? वत पाणी. हळू वत."

मी तांब्या भरला, कोपरानं पाणी बघितलं आणि ओतायला लागले.