तळघरात राहिलेले गाणे

आम्ही उभयता परदेशी, मुलाकडे ट्रॉयला कायमचे राहावयास आलो, तेव्हा शेजारी एक फिलिपिनो कुटुंब राहत असे. गृहिणी रुग्णालयात परिचारिका होती. वाढदिवस, नामकरण, कुणाची पदवी, कोणतेही निमित्त त्यांना पुरे. तळघरात आप्तेष्ट जमत आणि कराओकेचे यंत्र सुरू होई. पडद्यावर शब्द उमटत, माइक हातोहात फिरे आणि ज्याच्या हाती येई तो गाई. गाणे संपले की यंत्र गुण देई. बेसूर ओरडणाऱ्याला भरघोस गुण मिळाले की सर्वांत मोठ्याने तोच हसे.

पहिल्या निमंत्रणाला मी सायंसंध्या आटोपून, काहीसा संकोचतच गेलो. त्या माउलीने आमच्यासाठी निराळ्या भांड्यात, मांसाचा स्पर्श होऊ न देता शेवया परतल्या होत्या. घरातली मुले जवळ येऊन आमचा हात स्वतःच्या कपाळाला लावत. वडीलधाऱ्यांना वंदन करण्याची ती त्यांची रीत. माझे परकेपण तेथेच निम्मे गळाले.

थोड्या वेळाने माइक आमच्या सौभाग्यवतीकडे आला. स्वयंपाकघराबाहेर तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. यंत्रात मराठी गाणे नव्हते, म्हणून परिचारिकेने यंत्राचा आवाज बंद केला आणि लोला, म्हणजे आजी, अशी हाक मारून सांगितले की, तुम्ही गा, टाळ्यांचा ताल आम्ही धरतो. तिने माहेरच्या भोंडल्यातले एक गाणे धरले. दोन कडवी होईतो सारे तळघर पालुपद उचलू लागले, उच्चारांची यथेच्छ मोडतोड करीत. माझे शिक्षण वेदपाठशाळेतले. स्वर चुकला की पाठ पुन्हा पहिल्यापासून. तिचे सूर हलत होते हे मला कळत होते, परंतु त्या रात्री ते बोचले नाहीत.

पुढे दर वेळी तिची पाळी राखलेली असे. आठवडाभर आधीपासून ती भाजी निवडताना कडवी आठवी आणि कोणते लुगडे नेसू म्हणून मला विचारी.

निवृत्त झाल्यावर परिचारिका लेकीजवळ दूर चँडलर शहरी गेली आणि शेजारचे घर विकले गेले. आईचे गप्प राहणे मुलाला दिसत होते. त्याने तसेच यंत्र आणले आणि दिवाळीत मराठी मंडळींना बोलावले. पहिला मान आईला दिला. आपली माणसे, आपली भाषा, आपले गाणे; मलाही वाटले, आता ती अधिकच खुलेल.

मंडळी मांडी घालून, डोळे मिटून ऐकत राहिली. पालुपद कोणी उचलले नाही. मध्ये बोलू नये हा आपला शिष्टाचार. टाळ्या झाल्यावर गाण्याचा वर्ग चालवणाऱ्या एक बाई तिच्याशेजारी येऊन बसल्या. मनाने अतिशय चांगल्या.

"काकू, आवाज गोड आहे हो तुमचा. फक्त वर जाताना सूर उतरतो. शनिवारी माझ्याकडे येत जा, मी बसवून देईन."

"येईन हं," ती म्हणाली, आणि माइक त्यांच्याच हाती दिला. बाईंनी सुरेल गायिले. तिनेही मनापासून दाद दिली.

पुढल्या वेळी मुलाने विचारले, "आई, तुझा टर्न आधी ठेवू ना?"

"नको रे. मी चहाचं बघते."

शनिवारचा वर्ग तिने धरला नाही. मी एकदा हळूच विषय काढला, तर म्हणाली, "त्या तळघरात कोणी ऐकत नव्हतं हो. सगळे गात होते."

गेल्या महिन्यात परिचारिकेच्या वाढदिवसाला चँडलरहून व्हिडिओ कॉल आला. मागे तीच गर्दी, तोच गलका. यंत्राचा आवाज बंद करून सारे लोलाच्या गाण्यासाठी थांबले होते. हात टाळीसाठी उचललेले दिसत होते. तिने डोळे भरून पाहिले आणि फोन माझ्याकडे दिला.

"घसा बसलाय म्हणून सांगा."

देवापुढचा दिवा नुकताच लावला होता. असत्य बोलू नये म्हणून आयुष्यभर जपलेल्या जिभेने मी तसे सांगितले. तिकडून म्हणाले, आले घालून कोमट पाणी द्या. फोन ठेवल्यावर ती खरोखरच आले किसावयास गेली.