कापशीचा पाय

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. देवासमोर हात जोडले तेव्हाही एवढं सोडून बाकीचंच बोललो. आता तुम्हाला सांगतोय, कारण गेल्या रविवारी माझं डोकं फिरलं आणि ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

झालं असं, की जुई — माझी मुलगी — पोरांना घेऊन आली होती. जेवणं झाल्यावर तिनं त्यांना एक नक्कल करून दाखवली. हातानं भिंत चाचपत चालायचं, दोन पावलं टाकली की टाळी वाजवायची, पुन्हा दोन पावलं, पुन्हा टाळी. "अशी चालायची आमची आक्का! सशावर परत पाय पडू नये म्हणून!" पोरं हसून लोळली. बायकोही हसली. मी असा काही ओरडलो, की धाकटा नातू रडायला लागला. नंतर जुई आईला हळूच म्हणाली, बाबांचा आक्कावर फार जीव होता ना, म्हणून.

जीव होता! कसला जीव? तेव्हापासून माझा मलाच इतका संताप येतोय, की ताटातला घास गिळवत नाही.

आक्का म्हणजे माझी आत्या. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. सिल्लोडला आक्कानंच मला वाढवलं. ती विधवा, तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. पुढं मला चिकलठाण्याला कारखान्यात नोकरी लागली, तेव्हाच्या औरंगाबादेत दोन खोल्या घेतल्या आणि तिला घेऊन आलो. "घेऊन आलो" — हे मी लोकांना केवढ्या ऐटीत सांगायचो, जणू उपकारच! स्वयंपाक ती करायची. जुईची वेणी ती घालायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, तरी कोपऱ्यावरून भाजी आणायला एकटी जायची. घरातली कोणती वस्तू कुठं आहे, ते तिच्या हातांना पाठ होतं.

ससा जुईसाठी आणला होता. मादी होती. आक्कानं तिच्या अंगावरून हात फिरवला आणि कापशी नाव ठेवलं.

आता नळाचं सांगायला हवं. आमच्याकडं पाणी दोन दिवसांआड यायचं, तेही तासभर. नळ आला की शिळं पाणी मोरीत ओतायचं, ड्रम घासायचे, पाइप लावायचा, हंडे-कळश्या भरायच्या. फरशी ओली, ड्रम इकडून तिकडं. अशात एकदा कापशी पायात आली आणि बायको पडता पडता वाचली. तेव्हा मी नियम केला — नळाच्या दिवशी कापशी पेटीत, आणि पेटीची कडी मी स्वतः लावणार. दुसऱ्या कोणावर माझा भरवसाच नव्हता ना! कारखान्यात सुपरवायझर, घरातही सुपरवायझर.

सांगतो. तिथंच येतोय.

उन्हाळा होता. सकाळी मी कापशीला हिरवा घास टाकायला पेटी उघडली. तेवढ्यात गल्लीत नळ आल्याचा गलका झाला आणि मी तसाच धावलो. कडी राहिली. मधल्या बोळीत आमचा निळा ड्रम असायचा, तळाशी थोडं शिळं पाणी. उन्हाळ्यात कापशी गारव्याला त्याच्या मागं जाऊन बसते, हे मला ठाऊक होतं — चांगलं ठाऊक होतं. मी ड्रम तिरपा केला, तळाच्या कडेवर फिरवत मोरीकडं वळवला आणि टेकवला. कडेखाली काहीतरी मऊ लागलं. मला वाटलं, पायपुसणं असेल. मग ती किंचाळली. ससा किंचाळतो हे मला तोवर माहीत नव्हतं. तुम्ही ऐकलंय कधी?

मी ड्रम उचलला. ती फरफटत निघाली, मागचा एक पाय लोंबत होता, आणि नेमकी आक्काच्या पायाशी जाऊन थांबली. आक्का कळशी घेऊन भिंतीच्या कडेनं येत होती. बायको आणि जुई अंगणातून धावत आल्या. त्यांना काय दिसलं? आक्काचे पाय, आणि पायाशी कापशी.

आणि मी काय केलं? मी भडकलो. पेटी कोणी उघडली, हजारदा सांगितलंय, या घरात माझं कोणाला ऐकायचंच नाही — घर नुसतं डोक्यावर घेतलं. ओरडणाऱ्याला कोण विचारणार, की बाबा रे, कडी तर तूच लावतोस? कोणीच विचारलं नाही. आक्का गोंधळून गेली. तिनं कळशी ठेवली, खाली वाकून चाचपलं. तिच्या बोटांना तो पाय लागला.

"माझा पाय पडला व्हय रं हिच्यावर?"

तिनं मला विचारलं. स्वतःला दिसत नव्हतं, म्हणून ज्याला दिसतं त्याला विचारलं.

"मग कुणाचा?" मी म्हणालो.

झालं, एवढंच. मी खोटं बोललोच नाही, मी तर नुसता प्रश्न विचारला — अशी स्वतःची समजूत मी पुढं किती वर्षं घालत राहिलो माहीत आहे? लाज वाटत नव्हती मला?

सगळं घर कापशीच्या मागं लागलं. जनावरांच्या दवाखान्यातला डॉक्टर गाई-म्हशींचा. सशाचा पाय पाहून त्याला आधी हसूच आलं. मग त्यानं दोन पातळ कामट्या लावून पाय बांधून दिला आणि महिनाभर हलू देऊ नका म्हणाला. पट्टीला मऊ कापड हवं, म्हणून आक्कानं आपलं एक जुनं लुगडं फाडलं. जुई ड्रॉपरनं पाणी पाजायची, बायको घास बारीक चिरून द्यायची. आक्का दिवसदिवस कापशीला मांडीवर घेऊन बसायची. "म्या मोडला, म्याच बसवते बघ," म्हणायची. आणि मी? मी घास आणायचो. एका सशासाठी माणूस किती करतो, असं शेजारी म्हणाले, तेही मी ऐकून घेतलं.

पाय जुळला, पण वाकडा. कापशी लंगडत का होईना, घरभर फिरू लागली. आक्का मात्र थांबली. भाजीला जाणं बंद. गॅसजवळ जाणं बंद — "मला काय दिसतंय, अजून काय तरी करून बसंन." जुईची वेणीही सोडली. खाटेवरून उठायची ती फक्त मोरीपर्यंत, आणि तेही टाळ्या वाजवत. टाळी ऐकून कापशी बाजूला व्हावी म्हणून. चाळीस वर्षं घर चालवलेली बाई, आणि आपल्याच घरात टाळ्या वाजवत चालायची! बायको म्हणाली, बरंच झालं, आता पडायची भीती नाही. मी मान डोलावली.

वर्षभरानं आक्काच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी आली आणि तिनं पहिल्यांदा कापशीला मागितलं. उजेडात धरून तो वाकडा पाय नीट पाहिला. "माफ कर गं बाई," म्हणाली — सशाला! मी दारात उभा होतो. घरात आम्ही दोघंच होतो. याहून चांगली वेळ आणखी कोणती यायची होती? मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

दिसायला लागलं तरी तिची टाळी सुटली नाही. कापशी मेली, तरीही नाही.

आक्का शेवटी आजारी पडली, तेव्हा एका दुपारी तिनं मला जवळ बसवलं. माझा हात धरला. "त्या दिशी तू लई बोललास मला," म्हणाली. "पर तुझं बरोबर व्हतं. लेकराच्या सशाचा पाय मोडला म्या. मनात ठिवू नको रं."

मी म्हणालो, "जाऊ दे आक्का. मी केव्हाच विसरलो."

तिला हायसं वाटलं. तिनं माझा हात थोपटला आणि डोळे मिटले.

कडी मी लावली नव्हती. ड्रम मी टेकवला होता. आणि मी तिला माफ केलं.