पुलावरचा जीवखडा

उचगावचा केरबा ट्रेलरवाला म्हणजे तोंडाचा फाटका गडी. रस्त्यात कुणी आडवं आलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच पुढं जायचा. पण गेल्या सात महिन्यांत त्याला कुणी शिवी देताना ऐकलं नव्हतं.

त्याचा एकुलता यशराज वेल्डर होता. समुद्रात भराव घालून बांधलेल्या बंदरापर्यंत शहरातून लांबलचक पूल बांधायचं चाललं होतं, त्या कामावर गेला आणि एकशे बाराव्या खांबावरून खाली पडला. भरतीच्या पाण्यात देह घावलाच नाही. ठेकेदारानं फोन केला आणि हात झटकले. पुढं पुलाचं उद्घाटन मात्र वाजतगाजत केलं बरं का, मुडद्यांनी!

देह नाही म्हणून दहावं नाही. यशराजची आई धोंडुबाई तो गेला हेच मानेना, कुणाचंच ऐकेना. उभी हयात खाणीवर खडी फोडण्यात गेलेली बाई ती, सहजासहजी वाकणार थोडीच! भाऊबंद समजावून दमले. ती रोज पोराचं ताट वाढायची आणि केरबा त्या ताटापासनं लांब बसायचा. शेवटी एकदा म्हणाली, "त्यो पडला तितला जीवखडा आणा. मग मानीन मी."

जीवखडा म्हणजे मयताच्या जागचा दगड. दहाव्यापर्यंत जीव त्यातच राहतो म्हणतात.

कारखान्याचा ओतीव माल घेऊन केरबाच्या त्याच पुलावरून बंदरात खेपा व्हायच्या. वर थांबायला सक्त मनाई. पुढच्या खेपेला मात्र त्यानं एकशे बाराचा आकडा दिसताच बिघाडाचं सोंग करून गाडी कडेला घेतली. उतरून बघतो तर काय, एवढ्या थोरल्या पुलावर एक खडा नाही! सगळं झाडून लख्ख. गुडघ्यांवर रांगत त्यानं कठड्याची कड न् कड चाचपली. खाली नुसतं गढूळ पाणी. तिथंच त्याला रडू फुटलं.

तेवढ्यात गस्तीची गाडी सायरन वाजवत आली. आतला माणूस गाडी हलवायला ओरडू लागला. डोळे पुसत उठताना केरबाला मागच्या टायरच्या खाचेत अडकलेला एक खडा दिसला. स्क्रूड्रायव्हरनं त्यानं तो उपसला आणि खिशात टाकला.

घरी येऊन त्यानं तो धोंडुबाईच्या ओंजळीत ठेवला. तितलाच हाय, म्हणाला. तिनं खडा पाण्यानं धुतला, उजेडात धरला. काळ्या दगडावर पांढरे ठिपके होते.

"ह्यो आपल्या अंगणातला की," ती म्हणाली. "गाडी रुतू नये म्हणून खडी म्याच पसरलीया. मला वळखाय येत न्हाय व्हय?"

केरबाची मान खाली गेली. तितं दगडच न्हाय गं, एवढंच कसंबसं बोलला.

"कसा असंल? पोरगं तितं पडलंच न्हाय, तर जीवखडा कुठला घावणार?"

सात महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला होता. ती लगबगीनं चुलीकडं गेली. यशराजच्या भाकरीवर तिनं आज तूपही घातलं. केरबा हात धुऊन त्या ताटाशेजारी बसला. आता जन्मभर बसायचं होतं.