समोरच्या काठाची वाळू

सासूबाईंच्या अस्थी गंगेत सोडायला आम्ही दोघं नैरोबीहून काशीला आलो. ह्यांचा जन्म तिकडचा, माझाही तिकडचाच. घरात मराठी बोलायचं आणि भारत नकाशात बघायचा, एवढाच आमचा या देशाशी संबंध. अस्थी सोडल्या, आणि दुसऱ्याच दिवशी घाटाच्या पायऱ्या चढताना हे छातीवर हात दाबून मटकन खाली बसले.

डॉक्टरांनी सांगितलं, झटका मोठा आहे, अंथरुणातून हलायचं नाही, विमानाचं तर नावच काढू नका. त्या परक्या मुलखात आमच्या ओळखीचं एकच घर होतं. ज्या गुरुजींनी अस्थींचे विधी सांगितले, त्यांचं. बालाजी घाटाजवळ पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसं. गुरुजींच्या पत्नी, म्हणजे काकू, रोज डबा घेऊन इस्पितळात यायच्या.

आणि रोज कोणी ना कोणी आमचं अभिनंदन करून जायचं! शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून म्हणाली, "बड़े भाग से काशी मिलती है, बहनजी." गुरुजीही म्हणाले, इथे देह पडला तर पुन्हा जन्म नाही. माझं डोकंच फिरायचं. माणूस अजून धडधडीत जिवंत आहे, चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरतो आहे, आणि तुम्ही त्याला मोक्ष कसला देता?

ह्यांना मात्र गंमत वाटायची. "मला मुक्ती नको," हे म्हणाले, "मला घरी जायचंय." गंगेच्या समोरच्या काठावर मेलं तर माणूस पुढच्या जन्मी गाढव होतो, असं त्यांना वॉर्डात कोणीतरी सांगितलं होतं. "मग मला तिकडेच ने. गाढव तर गाढव. परत तर येता येईल."

"गाढव होऊन काय करणार?"

"तुझ्या दारात उभा राहीन. तू हाकललंस तरी हलणार नाही."

मी हसले आणि तोंड फिरवून रडले.

एका सकाळी काकूंनी डबा ठेवला आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "चेहरा बघितलास का आरशात? तुझी पण तबियत बिघडली तर यांना कोण बघणार? आज आमचे हे बसतील इथे. तू चल माझ्याबरोबर, उस पार."

मी नाही नाही म्हणत होते. ह्यांनीच मला पिटाळलं. "जा. माझे भाऊबंद बघून ये."

काशीचे लोक थंडीत सुटी घालवायला नावेने पलीकडे जातात. तिकडे देऊळ नाही, घाट नाही, नुसती वाळू. मी चपला काढून चालले, चालतच राहिले. नदीत डुबकी मारली आणि गारठ्याने मोठ्यांदा ओरडले. काकूंनी गोवऱ्यांवर बाट्या भाजल्या, वांग्याचा चोखा, म्हणजे आपलं भरीतच, केला. तुपात बुडवलेल्या बाट्या मी अधाशासारख्या खाल्ल्या. मग उन्हात तिथेच आडवी झाले. "घोरत होतीस गं," काकू नंतर म्हणाल्या. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच झोपले होते.

जाग आली तेव्हा समोर सगळी काशी उन्हात पसरली होती. मणिकर्णिका घाटावरच्या चितांचा धूर इथून एखाद्याच्या चुलीचा वाटत होता. का कोण जाणे, मला एकदम खात्री वाटली की हे बरे होणार, आम्ही घरी जाणार. निघताना मी मूठभर वाळू पदराच्या टोकाला बांधून घेतली.

"भेटले का भाऊबंद?" ह्यांनी विचारलं.

"एकही नाही. सगळे आपापल्या बायकांच्या दारात जाऊन उभे राहिलेत."

हे दम लागेपर्यंत हसले. वाळू रुमालात बांधून त्यांनी उशीखाली ठेवली.

त्याच आठवड्यात, दुपारचा चहा पिता पिता, हे गेले. कप अर्धा भरलेला होता. नर्स डॉक्टरांना बोलवायला धावली, तेवढ्यात मी उशीखालचा रुमाल सोडला, वाळू ह्यांच्या मुठीत घातली आणि एकेक बोट मिटवलं.

"सुटले," गुरुजी म्हणाले. "आता येणं-जाणं नाही." बिचारे मला धीर देत होते. मला मात्र त्या शहराचा, तिथल्या देवांचा, मोक्षाचा, सगळ्याचा भयंकर संताप आला. मला न विचारता माझा माणूस कायमचा सोडवायला सांगितलं कोणी? मणिकर्णिकेवर गुरुजींनीच अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंबरोबर घाटावर गेले. वाटेत पायऱ्यांवर धोब्याचं एक गाढव आडवं उभं होतं. काकू "हट, हट" करत त्याला हुसकायला लागल्या. ते हलेना. मी काकूंचा हात धरला.

"राहू द्या, काकू," मी म्हटलं. "उभं राहू द्या त्याला."