काका गप्प बसले तो सौदा

आमच्या बिजागऱ्यांच्या कारखान्यात सौदे ठरवणाऱ्या माणसाला सगळे मौनीकाका म्हणत. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. त्यांना त्याचा राग नव्हता, उलट आतून गुदगुल्याच होत असाव्यात. बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर टायपिंग केलं. त्यांनी जो शेवटचा सौदा घालवला, तेव्हा खोलीत त्यांच्याबरोबर मी एकटीच होते. म्हणजे सांगायचं तर मलाच सांगायला हवं.

काकांची पद्धत साधी होती. गिऱ्हाईक आलं की आधी पाणी, मग हातात नमुन्याची बिजागरी. ती त्याला दोनदा उघडमीट करू द्यायची. मग दर सांगायचा, एकदाच. त्यानंतर चष्मा काढून टेबलावर ठेवायचा, हात मांडीवर घ्यायचे आणि गप्प बसायचं. समोरचा आपला कमी आकडा सांगायचा, मग खाकरायचा, खुर्चीत सरकायचा, "ऐकताय ना?" म्हणून विचारायचा आणि शेवटी न राहवून स्वतःच दर वाढवायचा. एक जाडजूड व्यापारी असा स्वतःशीच तीनदा घासाघीस करत आमच्या दरावर येऊन पोचला होता. अकरा मिनिटं लागली. तो घाम पुसत जिना उतरल्यावर काका एवढंच म्हणाले, "भला माणूस!" मौनं सर्वार्थसाधनम् हे मी शाळेत नुसतं घोकलं होतं, त्याचा अर्थ त्या खोलीत कळला.

या गप्प बसण्यात खोलीतल्या प्रत्येकानं सामील व्हायचं, हा नियम होता. मी नवी असताना एकदा मला समोरच्या माणसाची दया आली आणि मी मध्येच म्हणाले, "साहेब, थोडंफार कमी होईल." झालं! त्यानं ते वाक्य वरच्या वर झेललं. तो गेल्यावर काकांनी मशिनं थांबवायला लावली आणि सगळ्या कारखान्यासमोर मला झापलं. "उद्यापासून जीभ घरी ठेवून येत जा," म्हणाले. मी जिन्यात बसून रडले. त्यानंतर काका गप्प असताना मी कधी खुर्चीसुद्धा वाजू दिली नाही. पण ते शब्द काही विसरले नाही.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे दूरच्या शहरातली कपाटं बनवणारी कंपनी. तिथले खरेदी-अधिकारी दरवर्षी स्वतः यायचे, काकांच्या मौनाला वैतागायचे आणि सौदा करून जायचे. ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी पत्र पाठवलं, यापुढे येणंजाणं बंद. तीन कारखान्यांशी एकाच दिवशी, प्रत्येकी अर्धा तास, कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोलणी होतील आणि संध्याकाळपर्यंत निर्णय कळवू.

मालक वर आले. "काका, हे काम गेलं तर पॉलिशखातं बंद करावं लागेल. माझा नाइलाज आहे."

पॉलिशखात्यात नऊ बायका होत्या आणि त्यातली एक काकांची धाकटी बहीण. नवऱ्यानं टाकल्यावर काकांनीच तिला तिथे लावून दिलं होतं. पदरात दोन मुली. आम्ही तिला ताई म्हणायचो. बोलण्यांच्या दिवशी सकाळी ती काळे हात पुसत दारात आली.

"दादा, होईल ना रे?"

"आजवर झालं नाही असं झालंय का?" काका म्हणाले. ती हसली आणि खाली गेली. 

काकांनी खिडकी लावून घेतली. बाहेरचा आवाज नको म्हणून पंखा बंद केला. मी कळफलकापाशी बसले, कारण काकांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पडद्यावर तीन चौकोन उघडले. मध्ये त्या बाई, दोन बाजूंना दोन पुरुष. नमस्कार झाले. पाणी देता येत नव्हतं, बिजागरी हातात देता येत नव्हती. काकांनी ती कॅमेऱ्यापुढे धरून उघडमीट केली, ते मला बघवेना. मग दर सांगितला, चष्मा काढला आणि हात मांडीवर घेतले.

तिकडे कुणीतरी कागद चाळला. मिनिट गेलं. बाई म्हणाल्या, "ठीक आहे, गेल्या वर्षीच्या दरापेक्षा आम्ही थोडं वर येऊ शकतो." आणि त्यांनी आकडा सांगितला. चांगला आकडा होता. काका त्यावर हो म्हणाले असते तर पॉलिशखातं वाचलं असतं. पण काका आता रंगात आले होते. पाखरू जाळ्यात आलंय, आणखी एक पाऊल टाकू दे, हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं.

"हॅलो? ऐकू येतंय का?" बाईंनी विचारलं.

आता हेच बघा. बावीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकानं हेच विचारलं होतं आणि त्यानंतरच दर वाढवला होता. काका पापणीही न हलवता बसून राहिले. मीही तशीच. बंद खोलीत दोन पुतळे.

मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली, 'तुमचं चित्र थांबलंय. आवाजही येत नाही. तिकडे असाल तर हात हलवा.'

चष्म्याशिवाय काकांना ते दिसणं शक्य नव्हतं. मला लख्ख दिसत होतं. माझी बोटं कळांवरच होती. नुसता हात वर केला असता तरी भागलं असतं. मी केला नाही. सवय होती, भीती होती, आणि खोटं कशाला बोलू, जिन्यातलं ते रडणंही होतं. जीभ घरी ठेवून ये म्हणाला होतात ना, मग घ्या.

एवढंच मनात आलं, जेमतेम दोन श्वासांपुरतं. लगेच शरम वाटली आणि मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिन्ही चौकोन गेले.

काकांनी चष्मा लावला. "काय झालं?"

मी काय झालं ते सांगितलं. अक्षरं उमटली होती, हेही सांगितलं.

"तुला दिसली होती?"

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोन उचलला. अर्ध्या तासानं लागला, तोवर बाई दुसऱ्या कारखान्याशी बोलत होत्या. मग काका बोलायला लागले. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. लाईनची चूक झाली म्हणाले, तुमचाच आकडा मान्य म्हणाले, हवं तर त्याहून कमी घ्या म्हणाले, बहिणीचंही सांगितलं.  पलीकडून बाई शांतपणे काहीतरी म्हणाल्या. काकांनी "बरं, बरं" म्हणत फोन ठेवला.

मालकांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "चूक माझी. हिचा काही संबंध नाही." मी शेजारीच उभी होते. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. त्या वेळी मला कुणी अडवलं नव्हतं.

महिनाअखेर पॉलिशखात्याला कुलूप लागलं. काकांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. माझी नोकरी राहिली. हल्ली पडद्यावरची बोलणी मीच करते, आणि लोक म्हणतात बरी करते.

मध्यंतरी ताई बसस्टॉपवर भेटली. आता चार घरची धुणीभांडी करते, थोरलीची शाळा सुटली. मला बघून तिनं माझे दोन्ही हात धरले.

"दादा घरात कुणाशी बोलत नाही गं," ती म्हणाली. "पण एक सांगितलं त्यानं. म्हणाला, त्या दिवशी त्याच्या शेजारी तूच होतीस. सौदा वाचवायचा फार प्रयत्न केलास म्हणे."

तिचे हात पाण्यानं सुरकुतले होते. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"हो," मी म्हणाले.