यमुनाक्कांचं वारूळ

एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मॅनेजरने यमुनाक्कांना शब्द देऊन फसवलं. तो शब्द त्याने माझ्या हातावर हात मारून दिला होता.

यमुनाक्का बनशंकरीला राहत, मातीची शिल्पं करत. राजाजीनगरला माझं जुन्या पंख्यांचं, कूलरचं दुकान. शून्यातून उभं केलेलं. पहिल्यांदा आल्या तेव्हा प्रत्येक चालत्या पंख्यासमोर वाऱ्याला गाल देऊन उभ्या राहिल्या आणि घेतलं काहीच नाही. मी चिडून काय हवंय ते विचारलं.

"अण्णा, स्वल्प गप्प बसा. वारा कळू दे."

वाळवीची वारुळं बघायला त्या बसने शहराबाहेर आनेकलच्या माळावर जात. आतल्या बोगद्यांतून हवा कशी खेळते, ते पुस्तकांत वाचत आणि वारुळाला गाल लावून पडताळून बघत. शेवटी त्यांनी तांबड्या मातीचं पुरुषभर उंच वारूळ उभं केलं. आत मोटर नव्हती, तरी पायथ्याच्या भोकांतून हवा आत ओढली जाई आणि शेंड्यातून निघे. मी सुचवलं, आत छोटा पंखा दडवू, कुणाला कळणार नाही.

"मग ते तुमचं दुकान होईल," त्या म्हणाल्या.

कंपनीला ते दारातल्या मोठ्या हॉलमध्ये हवं होतं. बोलणी मी केली. अक्कांची अट एकच होती, भोक एकही बुजवायचं नाही. मॅनेजरने कबूल केलं.

दसऱ्यातल्या आयुधपूजेला तिथल्या वॉचमनने संगणकांना हार घातले, मग वारुळालाही नागाचं म्हणून हळदकुंकू लावून भोकांत दूध ओतलं. मला वाटलं, अक्का भडकतील. त्यांनी त्याला शेजारी वाटी ठेवायला लावली.

"नागप्पा वाटीतलं पितो रे. भोकात ओतलंस तर त्याचा श्वास कोंडेल."

तो मान डोलावत "सरी अक्का" म्हणाला आणि पुढे रोज वाटीच ठेवत राहिला.

मॅनेजरला त्या वाटीची लाज वाटली. परदेशी पाहुणे येणार होते, हॉलचं देऊळ झालेलं त्याला नको होतं. त्याने वाटी उचलायला लावली, भोकं पुट्टीने भरून घेतली आणि वर चकचकीत रंग मारला. अक्का बघायला गेल्या. गाल लावून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"मेलं," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा मातीत हात घातला नाही. काही वर्षांनी गेल्या, तोवर घरात एकही नवं काम नव्हतं. मॅनेजरशी मी तेव्हाच भांडलो होतो. तो म्हणाला, वारूळ जागेवरच आहे, उलट आता जास्त छान दिसतं.

भांडून मी थकलो. पण त्याने एकदा त्या रंगवलेल्या ढिगाशेजारी माझ्यासमोर उभं राहावं आणि सांगावं, ती भोकं कुणाला विचारून बुजवली?